माणूस गेल्यावर लागलेली दारू सोडताना: पहिल्या दिवसापासून पहिल्या वर्षापर्यंत

नवरा गेला तेव्हा मी ४१ वर्षांची होते. सकाळी बोलत होता, संध्याकाळी नव्हता. पहिले पंधरा दिवस घर माणसांनी भरलेलं होतं, पण डोळ्याला डोळा लागत नव्हता. कुणीतरी अगदी मायेनं, औषध द्यावं तसा एक घोट पुढे केला आणि त्या रात्री मला झोप लागली. पुढची दोन वर्षं मी मुलगा झोपल्यावर रोज रात्री नवऱ्याच्याच कपाटाच्या खालच्या कप्प्यातून बाटली काढत होते. कपडे त्याचे, कप्पा त्याचा, बाटली माझी.

दारू सुटून आता चार वर्षं झाली. मधल्या काळात सल्ले देणारे भरपूर भेटले. दारूवर बोलणारे दुःखाबद्दल काही विचारत नव्हते आणि दुःखावर बोलणाऱ्यांना माझ्या तोंडाचा वास येत नव्हता, किंवा येऊनही ते गप्प बसत होते. दोन्ही एकदम अंगावर आलेल्या माणसानं नेमकं कुठून सुरू करायचं, ते मला कुणी क्रमानं सांगितलं नाही. म्हणून हा क्रम. मी डॉक्टर नाही. औषधांची नावं ओळखीपुरती दिली आहेत, डोस मुद्दाम दिलेले नाहीत.

१. आधी मोजा

समुपदेशक बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला, "रोज किती घेता?" मी म्हटलं, "दोन." खोटं बोलत नव्हते, मला खरंच तसं वाटत होतं. त्यांनी एक काम दिलं. रिकाम्या बाटलीत पाणी भरायचं, नेहमीचा ग्लास घ्यायचा, नेहमीचा दिवा लावायचा आणि हाताला सवय आहे तसं ओतायचं. मग ते पाणी मापाच्या कपात ओतून बघायचं.

माझा एक ग्लास ११० मिली भरला. दोन म्हणजे २२०. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात एक प्रमाण पेय म्हणजे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. चाळीस टक्क्यांच्या दारूत ते साधारण ३० मिलीत येतं. म्हणजे माझे 'दोन' प्रत्यक्षात सात होते. त्यात बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, त्यामुळे तेवढ्याच दारूत तिच्या रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. हे मापन तुम्हीही करा. कुणाला दाखवायची गरज नाही, पण आकडा लिहून ठेवा. डॉक्टरांना तोच सांगायचा आहे.

सोबत 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी भरून टाका. तीही जागतिक आरोग्य संघटनेनंच तयार करून घेतलेली आहे. एकूण गुण ४०. आठ किंवा जास्त पडले तर पिणं धोक्याच्या पट्ट्यात आहे, वीस किंवा जास्त असतील तर तज्ज्ञाकडून नीट तपासणी हवीच. मला २६ पडले. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि तीन दिवस पर्सच उघडली नाही.

२. एकट्यानं, घरी, एका झटक्यात बंद करू नका

यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण इथे माणसं जिवानिशी जातात आणि बाकीच्यांना ते 'मनाचा निग्रह' वाटत असतं.

माझा पहिला प्रयत्न असाच होता. एका रविवारी बाटली बेसिनमध्ये ओतली आणि स्वतःवर खूश झाले. सोमवारी सकाळी हात इतके थरथरत होते की कुलपात किल्ली जाईना. संध्याकाळी घामानं कपडे ओले, छातीत धडधड, उलट्या. मंगळवारी पहाटे भिंतीवरचा डाग सरकतोय असं दिसायला लागलं. मी नणंदेला फोन केला. तिचाही भाऊ गेला होता, हे तोवर माझ्या लक्षातच नव्हतं. ती वीस मिनिटांत दारात उभी राहिली आणि बाहेरून एवढंच म्हणाली, "वहिनी, तू फक्त दार उघड. बाकीचं नंतर बोलू."

शरीराचं गणित असं आहे. दारू मेंदूला दाबून ठेवते. रोज दाब पडतो म्हणून मेंदू उलट्या बाजूनं जोर लावायला शिकतो. दाब एकाएकी काढला की तो जोर मोकळा सुटतो. शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत थरथर, घाम, घाबरेपणा सुरू होतो. फिट यायची असेल तर ती बहुतेक पहिल्या ४८ तासांत येते. सर्वांत घातक अवस्था दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान येते: भ्रम, दिवस-रात्रीचं भान जाणं, ताप, नाडी सुसाट. डॉक्टर तिला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. उपचार मिळाले नाहीत तर त्यात मृत्यू होऊ शकतो.

पुढच्यातलं काहीही तुम्हाला लागू होत असेल, तर दारू बंद करण्याआधी डॉक्टरांना भेटा:

- रोज पिता आणि सकाळी हात स्थिर व्हायला घोट लागतो
- आधी कधी दारू थांबवल्यावर फिट आली होती किंवा भास झाले होते
- झोपेच्या किंवा चिंतेच्या गोळ्याही चालू आहेत
- यकृताचा, हृदयाचा आजार आहे, फिट्सचा त्रास आहे, किंवा तुम्ही गरोदर आहात
- घरात रात्री सोबत कुणी नाही

आधी सोडून पुन्हा लागलेल्यांना एक जादा सूचना. दर खेपेची 'उतरण' आधीच्यापेक्षा जड जाण्याची शक्यता असते. 'मागच्या वेळी झेपलं होतं' हा हिशेब धरू नका.

दवाखान्यात पाच-सात दिवस ठेवतात. डायझेपॅम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड यांसारखी औषधं देऊन मेंदूचा जोर हळूहळू उतरवतात. यकृत खराब असेल तर बऱ्याचदा लोराझेपॅम निवडतात. बी-१ जीवनसत्त्व, म्हणजे थायामिन, इंजेक्शनमधून मिळतं. ते किरकोळ समजू नका. जास्त पिणाऱ्याच्या शरीरात त्याचा खडखडाट असतो, आणि त्याअभावी गोंधळ उडतो, तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते. वेळीच दिलं नाही तर स्मरणशक्तीचं कायमचं नुकसान होऊ शकतं. गेलेल्या माणसाच्या आठवणी जपायच्या म्हणून पिणारे आम्ही, आणि स्मरणशक्तीच पणाला लावून बसलेलो.

३. डॉक्टरांकडे जाताना

आदल्या रात्री पिशवी भरून ठेवा. सकाळी हात थरथरताना कागद सापडत नाहीत.

- ओळखपत्र, विम्याचे कागद असतील तर ते
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, पाकिटांसकट. विशेषतः झोपेच्या आणि दुखण्यावरच्या
- जुने रक्ततपासणीचे अहवाल
- पहिल्या पायरीत लिहिलेला आकडा, शेवटचा घोट किती वाजता घेतला ते, ऑडिटचे गुण
- घरच्या एका माणसाचा फोन नंबर, कागदावर लिहिलेला
- नोकरी असेल तर आजारपणाच्या रजेचा अर्ज. प्रमाणपत्रावर काय लिहायचं ते डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या

यकृताच्या चाचण्या, रक्तातल्या पेशींची मोजणी, साखर, क्षार एवढं साधारण तपासतात.

सापळा असा: 'माणूस गेलाय, झोप येत नाही' एवढंच सांगितलंत तर झोपेची गोळी मिळेल. मला एका ठिकाणी अगदी तसंच झालं. त्यांनी दारूबद्दल विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मग महिनाभर मी गोळी आणि ग्लास दोन्ही घेत होते. दोन्हींचा मारा एकत्र झाला तर श्वास मंदावून थांबू शकतो. म्हणून आत शिरल्यावर पहिलं वाक्य दारूचं बोला, दुसरं माणसाचं.

४. घरातून काय काढायचं, काय नाही

दारू सगळी काढा. पाहुण्यांसाठी ठेवलेली, भेट आलेली, 'त्यानं शेवटची आणलेली' म्हणून जपलेलीसुद्धा. शेवटची जड जाते. ती मी नाही ओतली, नणंदेनं ओतली, आणि मी दुसऱ्या खोलीत बसून नळाचा आवाज ऐकला. तो ठरावीक ग्लासही घराबाहेर गेला पाहिजे.

त्याच झटक्यात गेलेल्या माणसाचे कपडे, चष्मा, वह्या मात्र आवरायला घेऊ नका. आवराआवरीचा उत्साह चढतो आणि सगळे 'बरं झालं, मोकळी हो' म्हणतात. घर विकणं, नोकरी सोडणं, वस्तू वाटून टाकणं, सगळं निदान काही महिने लांबवा. बाटलीचा कप्पा रिकामा झाला की तिथे दुसरं काहीतरी ठेवा. मी चपला ठेवल्या.

५. तलफ कमी करणारी औषधं

याबद्दल लोक बोलत नाहीत, म्हणून थोडक्यात. नाल्ट्रेक्सोन हे दारू प्यायल्यावर मिळणारं सुख बोथट करतं. अफूवर्गीय वेदनाशामकं चालू असतील तर ते चालत नाही. अकॅम्प्रोसेट दारू थांबल्यावर मेंदूची चलबिचल शांत ठेवायला देतात. त्यासाठी मूत्रपिंडं ठीक लागतात.

तिसरं डायसल्फिरम. या रसायनाचा शोध दारूसाठी लागलाच नव्हता. रबराच्या धंद्यात त्याच्याशी संबंध येणारे कामगार दारू प्यायले की आजारी पडत. पुढे १९४० च्या दशकाच्या शेवटी डेन्मार्कच्या दोन संशोधकांनी ते दारूवरचं औषध म्हणून पुढे आणलं. ते घेऊन प्यायलात तर चेहरा तापतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळू शकतो. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत हे होऊ शकतं. अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध आणि माउथवॉशही त्यात धरा.

घरच्यांनी हे वाचावं: ही गोळी किंवा 'दारू सोडवणारी' कुठलीही पावडर माणसाच्या नकळत जेवणात मिसळू नका. त्याला माहीतच नाही, तो नेहमीसारखा पिणार आणि त्याचं हृदय ते सहन करेलच असं नाही.

६. तिसरा-चौथा आठवडा: दुःख परत येतं

खरं म्हणजे याच पायरीसाठी मी लिहायला बसले.

दवाखान्यातून घरी आले, पंधरा दिवस बरे गेले. चेहऱ्यावर पाणी आलं, जेवण जायला लागलं, सगळे खूश. आणि मग तो स्वप्नात यायला लागला. दोन वर्षांत एकदाही आला नव्हता. रोज यायचा, दारात उभा राहायचा, काही बोलायचा नाही. मी उठून रडायची ती थांबतच नव्हते. तो जाऊन दोन वर्षं उलटली होती आणि माझी अवस्था दुसऱ्या दिवसाची होती.

मला वाटलं उपचार फसले. वाटलं, दारू होती तेव्हा निदान उभी तरी होते. चोविसाव्या दिवशी मी पुन्हा प्यायले.

स्वप्नांचं कारण नंतर कळलं. स्वप्नं सर्वांत जास्त पडतात तो झोपेचा टप्पा दारू दाबून टाकते. दारू थांबली की तो टप्पा उसळून परत येतो आणि काही आठवडे ठसठशीत, खरीखुरी वाटणारी स्वप्नं पडतात. बाकीचं शोकाचं गणित. रोज रात्री दुःख वर यायला लागलं की मी त्याच्यावर ओतत होते. ते तिथेच होतं, न वापरलेलं. दारूची दोन वर्षं शोकाच्या खात्यात जमाच झाली नव्हती.

तेव्हा हे आधीच माहीत असू द्या, कॅलेंडरवर खूण करा आणि घरच्यांनाही सांगा: तीन ते सहा आठवड्यांच्या आसपास मोठी लाट येण्याची शक्यता आहे. (प्रत्येकाला त्याच आठवड्यात येईल असं नाही. आमच्या गटात एकाला चौथ्या महिन्यात आली.) ती आली म्हणजे उपचार चालू झाले आहेत.

या काळात मला उपयोगी पडलेल्या गोष्टी:

दुःखाला वेळ ठरवून दिली. संध्याकाळी अर्धा तास, दिवा लावून, खुर्चीत बसून. त्याचा एक आवाज फोनमध्ये राहिला होता, चौदा सेकंदांचा: "मी निघालोय, गेट उघडं ठेव." तो ऐकायचा, रडायचं, वहीत दोन ओळी लिहायच्या, मग उठून भांडी घासायची. हे क्रूर वाटेल. पण मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडलं ते जवळपास हेच आहे: शोक करणारा माणूस गेलेल्याकडे आणि पुढच्या कामांकडे असा झोके घेत राहतो, आणि तो झोकाच त्याला सावरतो. दारूनं माझा झोका मध्येच धरून ठेवला होता.

शोकाच्या पाच टप्प्यांची (नकार, राग, घासाघीस, उदासी, स्वीकार) यादी कुणी हातात दिली तर मनावर घेऊ नका. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते टप्पे मांडले ते मरणासन्न रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांसाठी नव्हे. तुमचा राग तिसऱ्या महिन्यात आला की दुसऱ्या वर्षी, यानं काही चुकत नाही.

अपराधीपणा सर्वांत चिवट. 'मी त्या दिवशी घरी असते तर' हे वाक्य मी दारूत बुडवत होते. सुटल्यावर ते कोरडं होऊन वर आलं. ते एकट्यानं सुटत नाही. समुपदेशकासमोर मोठ्यानं बोला, तेही त्या दिवसाचा घटनाक्रम तासातासानं सांगत. मी सांगितला, तेव्हा कळलं की ज्या तासाबद्दल स्वतःला दोष देत होते त्या तासाला तो अगदी बरा होता.

आणि हे स्पष्टच लिहिते. 'त्याच्या मागे जावं' असं मनात आलं तर ते त्याच दिवशी, जवळच्या माणसाला, त्याच शब्दांत सांगा आणि आपत्कालीन विभागात जा. शोक आणि दारू एकत्र असताना हा धोका वाढतो. घरातला गोळ्यांचा साठा या महिन्यांत दुसऱ्याच्या ताब्यात असू द्या.

चार आठवडे पूर्ण कोरडे गेल्यावरही उदासी तसूभर हलली नसेल, तर नैराश्याची तपासणी करून घ्या. दारूमुळे आलेली उदासी बऱ्याचदा तेवढ्यात उतरते. उरते ती वेगळी असते आणि तिच्यावर वेगळे उपचार आहेत. दीर्घकाळ गोठलेल्या शोकालाही आता स्वतंत्र निदान आहे. कुढत बसायची सवय म्हणून तो सोडून द्यायचा नाही.

७. माणसं, दोन प्रकारची

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायचे गट, १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालं. बिल विल्सन शेअर बाजारातला, बॉब स्मिथ शल्यचिकित्सक, आणि दोघंही पिणारे. फी नाही, आडनाव विचारत नाहीत, दारू सोडायची इच्छा एवढीच अट. २०२० च्या एका मोठ्या कोक्रेन आढाव्यात (म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात) दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत या गटांची बारा पायऱ्यांची वाट इतर उपचारांच्या तोडीस तोड, काही ठिकाणी सरस ठरली. त्या पायऱ्यांमधला देवाचा उल्लेख खटकला तर गट बदलून बघा, प्रत्येक गटाचा स्वभाव निराळा असतो. घरच्यांसाठी १९५१ पासून अल-अनॉन आहे.

पण तिथे सगळे दारूवर बोलतात. म्हणून सोबत शोकाचं समुपदेशन किंवा शोकगट हवा. 'आधी दारू पूर्ण सुटू दे, मग दुःखाचं बघू' असं मला सांगितलं गेलं होतं. माझ्यापुरता हा सल्ला महागात पडला. शरीरातून दारू उतरली की दोन्ही एकदम सुरू करा.

पहिल्या मीटिंगला मी दाराशेजारच्या खुर्चीवर बसले आणि पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही. बोलले नाही. चालतं.

८. तलफेची वीस मिनिटं

तलफ चढते, टोकाला जाते, उतरते. बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत. तेवढा वेळ काढायचा. आधी स्वतःला विचारा: भूक लागलीय का, राग आलाय का, एकटी आहे का, दमलेय का? माझी निम्मी तलफ नुसती भूक असायची. मग जागा सोडा, पाणी प्या, कुणाला तरी फोन लावा. फोनसाठी तीन नावं कागदावर हवीत, कारण पहिलं उचलत नाही.

९. घसरलात तर

चोविसाव्या दिवसाच्या घोटापेक्षा पंचविसाव्या दिवसाचा विचार मला जास्त नडला: 'आता गेलंच आहे, तर सगळंच जाऊ दे.' त्या एका विचारावर अकरा दिवस गेले. घसरल्यावर त्याच रात्री फोन करा. जुन्या मापानं पिऊ नका. काही आठवड्यांच्या खंडानं शरीराची सहन करण्याची ताकद घटलेली असते आणि पूर्वीचा डोस आता जास्त होतो. आणि सलग काही दिवस प्यायलात, तर पुन्हा दुसरी पायरी: एकदम बंद करू नका, डॉक्टर गाठा.

वहीत तीन गोष्टी लिहा: कुठे होते, आधीच्या तासात काय झालं, सोबत कोण होतं. माझ्या वहीत होतं: कपाटासमोर, त्याचा शर्ट सापडला, कुणी नाही.

१०. तारखा

त्याचा वाढदिवस, लग्नाचा दिवस, गेला तो दिवस. या तारखा अचानक येत नाहीत, तरी दर वेळी अचानक गाठतात. वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून काढा आणि प्रत्येकीच्या आधीच्या तीन दिवसांवरही खूण करा, कारण पोकळी आधीच जाणवायला लागते. त्या संध्याकाळी कोण सोबत असेल, हे नावानिशी ठरवा. लग्नसमारंभ, पार्ट्या पहिलं वर्षभर टाळल्या तरी कुणाचं काही अडत नाही.

तो गेला त्या तारखेला संध्याकाळी सातला नणंद येते. आम्ही दोघी ते चौदा सेकंद एकदा ऐकतो. मग ती फोन माझ्या हातातून घेऊन टेबलावर पालथा ठेवते आणि विचारते, "वहिनी, चपला कुठायत तुझ्या?"